गरोदरपणात डोक्याचा एमआरआय किंवा सीटी सांगितला तर काय करायचं

वहिनीला आठवा महिना होता, नागपूरचा मे, दोन दिवस डोकं दुखत होतं तर घरात सगळे म्हणे ऊन लागलं असेल, पन्हं द्या तिला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ताई मला तुमचा चेहरा धूसर दिसून राहिला. तेव्हा कुठे बीपी मोजलं, वरचं 160 च्या पुढे.

म्हणून पहिले हे, 20 आठवड्यांनंतर असं डोकं दुखलं की बीपी मोजा, 140/90 किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. फिट आली, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर बीपी कितीही असो, 108 ला फोन लावा आणि नागपुरातलं मेडिकल, मेयो, एम्स यातलं जे मोठं हॉस्पिटल जवळ असेल तिथे न्या. फिटमध्ये तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा वगैरे अजिबात घालू नका.

आता स्कॅन. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असतं, त्यामुळे गरज असेल तर कोणत्याही महिन्यात करतात. सीटी म्हटलं की सासूबाईंपासून सगळे घाबरतात, पण डोक्याच्या सीटीत बाळापर्यंत जेमतेम 0.01 मिलिग्रे (किरणं मोजायचं माप) किंवा त्याहून कमी किरणं पोचतात, नऊ महिन्यांत निसर्गातूनच 0.5 ते 1 मिलिग्रे मिळतात आणि काळजीचा आकडा 50 च्या पुढे सुरू होतो. मेंदूत रक्तस्राव झालाय का हे सीटीत काही मिनिटांत कळतं, तेव्हा इमर्जन्सीत नाही म्हणू नका हो, प्लीज.

एमआरआयच्या कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्र नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाचं, मात्र विचारा. त्यातलं गॅडोलिनियम वारेतून बाळाकडे जातं म्हणून फार गरज असेल तरच देतात, आणि शिरांमध्ये गुठळी आहे का ते त्याच्याशिवायही बघता येतं. गरोदर आहे हे फॉर्मवर लिहा आणि टेक्निशियनला तोंडानेही सांगा. मंगळसूत्र, पिना, जोडवी घरीच काढा, वहिनीच्या पायाला इतकी सूज होती की जोडवी साबण लावून लावून काढावी लागली. आत उजव्या कमरेखाली उशी मागायची, सपाट पाठीवर पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते. आवाज खूप असतो, कानात बोळे देतात.

बाळंतपणानंतरचे सहा आठवडेही तितकेच जपायचे. मेंदूच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका तेव्हाच जास्त, आणि आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, ते बंद करा, भरपूर पाणी प्यायला द्या. तेव्हा कॉन्ट्रास्ट दिलं तरी अंगावर पाजणं थांबवायची गरज नसते.