पहिल्या मुलाखतीची धडधड

दिवाळी अंकांसाठीच्या मुलाखती बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये होतात. नेमका तेव्हाच कोकणात पाऊस कोसळत असतो. पत्र्याच्या पडवीत बसलात तर रेकॉर्डिंगमध्ये शब्दांपेक्षा पाऊसच जास्त येतो, मग पत्रकार पुन्हा पुन्हा विचारतो आणि आपल्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. म्हणून माजघरात बसा, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि सकाळची वेळ मागून घ्या. दुपारनंतर वीज गेली की फोटोही अंधारात निघतात.

भेटीची वेळ ठरवताना फोनवर एवढं विचारून घ्यावं: लेख नेमका कशावर आहे, साधारण किती मोठा, फोटो लागणार का, आणखी कोणाकोणाशी बोलणार? प्रश्नांची यादी बहुतेक पत्रकार देत नाहीत, पण विषय सांगतात. तेवढं पुरतं.

खरी भीती आठवणीची असते. ऐन वेळी साल आठवत नाही, आकडा अडतो, आणि तिथून पुढचं सगळं ढासळतं. आदल्या रात्री एका कागदावर आकडे लिहून तो समोर ठेवा. बघून बोलण्यात कमीपणा काही नाही. समजा तुमचा आमसुलांचा घरगुती धंदा आहे. मग काम कुठल्या साली सुरू केलं, हंगामात किती किलो रातांबे (कोकमाची फळं) घेता, त्यातून सुकी आमसुलं किती निघतात, सालींना रसाचं पुट किती वेळा देता (म्हणजे रसात बुडवून किती वेळा वाळवता), ऊन किती दिवस लागतं, हे सगळं कागदावर हवं. मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर काय होतं, हेही लिहा. हा प्रश्न हमखास येतो. सोबत तुम्हाला सांगायचेच असे तीन मुद्दे, एकेका ओळीत. पूर्ण वाक्यं पाठ करू नका. पाठ केलेलं एक वाक्य विसरलं की पुढची सगळी निसटतात.

मग घरातल्या कुणाला तरी समोर बसवून दहा मिनिटं मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात केलेली तयारी तोंडातून बाहेर पडताना अडखळते.

मुलाखतीआधी तोंड कोरडं पडतं, हात गार होतात. ताणात शरीरात सुटणाऱ्या ॲड्रिनॅलिनमुळे असं होतं, पहिल्या काही मिनिटांत बहुधा ओसरतं. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दोन-तीन मिनिटं करा. पाण्याचा तांब्या हाताशी असू द्या. पाहुणा आला म्हणून सारखा चहा होतो, पण तुम्ही एकच कप घ्या; चहाने धडधड वाढते.

मासिकाच्या मुलाखतीत एक मोठी सोय आहे: इथे थांबता येतं. टीव्हीवर पाच सेकंदांची शांतता खटकते, छापील पानावर ती दिसतच नाही. ‘थांबा, हे परत नीट सांगते’ म्हणायला अजिबात कचरू नका. उलट, उत्तर संपल्यावर पत्रकार लिहीत गप्प बसतो, तेव्हा ती शांतता भरायला आपण नको ते बोलून जातो. शेजाऱ्याच्या बागेचा वाद, भावकीची जमीन. उत्तर झालं की थांबा. एखादी गोष्ट छापायला नको असेल तर ती बोलण्याआधी तसं सांगा आणि समोरच्याचा होकार घ्या. बोलून झाल्यावर ‘हे लिहू नका’ म्हटलं तर ते त्याच्यावर बंधनकारक नसतं. माहीत नसेल तिथे ‘विचारून कळवते’ म्हणा, अंदाजाने आकडा फेकू नका. मालवणीत मोकळं वाटत असेल तर मालवणीत बोला, फक्त रातांबा, पुट, खळं (अंगण) असे शब्द एकदा समजावून सांगा.

पत्रकार निघताना त्याच्या वहीत आपलं नाव, गाव, वाडी आणि तालुका स्वतः लिहून द्या. एकाच नावाची गावं वेगवेगळ्या तालुक्यांत असतात आणि तिथेच घोळ होतो. छापण्याआधी अख्खा लेख दाखवायची पद्धत सहसा नसते. ‘निदान आकडे आणि नावं फोनवर वाचून दाखवाल का?’ एवढं विचारता येतं. काही चुकीचं बोलून गेलात असं रात्री लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन करा. अंक छपाईला गेल्यावर दुरुस्ती पुढच्या अंकातच येऊ शकते, आणि दिवाळी अंकाचा पुढचा अंक वर्षाने निघतो.