सपोर्ट म्हणजे फक्त मदत नाही, कुठे कसा वापरायचा ते बघा

सपोर्ट हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा बोलतो, पण मराठीत अर्थ सांग म्हटलं की 'मदत' म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच होतो. हा शब्द मूळचा लॅटिन, त्यात 'सब' म्हणजे खाली आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे, ट्रान्सपोर्ट आणि एक्सपोर्टमधला पोर्ट पण हाच. म्हणजे खालून वजन पेलणं. त्यामुळे वाक्यात सपोर्ट दिसला की आधी स्वतःला विचारायचं, इथे कोण कशाचं वजन पेलतंय? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

खांब छताला सपोर्ट करतो तिथे आधार किंवा टेकू. एखाद्या मागणीला किंवा उमेदवाराला सपोर्ट, तिथे पाठिंबा. पुरावा एखाद्या म्हणण्याला सपोर्ट करतो तेव्हा दुजोरा. शेअरवाले सपोर्ट लेव्हल म्हणतात ती म्हणजे जिथे भाव पडता पडता थांबेल असं वाटतं ती पातळी, तिथे मराठी करत बसू नका, सगळे सपोर्टच म्हणतात.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते पैशाच्या अर्थात. 'शी सपोर्ट्स अ फॅमिली ऑफ फाइव्ह' याचं 'ती पाच जणांच्या कुटुंबाला पाठिंबा देते' असं भाषांतर मी स्वतः वाचलंय, अहो पाठिंबा कसला, पाच जणांचं घर तिच्या कमाईवर चालतंय! तसंच चाइल्ड सपोर्ट म्हणजे मुलाला धीर देणं नाही, आईवडील वेगळे झाल्यावर मुलाच्या खर्चासाठी जे पैसे द्यावे लागतात ते, म्हणजे पोटगी.

मग येतो फोन आणि कॉम्प्युटरवाला सपोर्ट. फोन ५जी सपोर्ट करत नाही म्हणजे त्यात ५जी चालत नाही, विषय संपला. पण स्क्रीनवर येतं 'हे डिव्हाइस समर्थित नाही', आता समर्थित हा शब्द घरात कोण बोलतं मला सांगा. आणि एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट बंद झाला म्हणजे ते लगेच बंद पडतं असं नाही, ते चालू राहतं पण कंपनीकडून नवीन दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, बरेच जण हे ऐकून उगाच घाबरतात.

आता इंग्रजी वाक्य कसं करायचं. आपण मराठीत 'मला सपोर्ट कर' म्हणतो, तो 'ला' डोक्यात बसलेला असतो म्हणून इंग्रजीत पण 'सपोर्ट टू मी' लिहून टाकतो. माझ्या एका मित्राने ऑफिसच्या मेलमध्ये 'थँक्स फॉर सपोर्टिंग टू मी' लिहिलं होतं, मी ते पाठवायच्या आधी पकडलं. क्रियापद असेल तर 'टू' नको, 'थँक्स फॉर सपोर्टिंग मी' एवढंच. नाम असेल तर 'गिव्ह सपोर्ट टू' चालतं, 'सपोर्ट फॉर' पण चालतं. आणि 'थँक्स फॉर ऑल युवर सपोर्ट्स' नको, मदतीच्या अर्थाने शेवटी 'स' लागत नाही, तो लागतो टेकू किंवा खांब मोजताना.

सपोर्टिंग आणि सपोर्टिव्ह यात पण गल्लत होते. माणूस समजून घेणारा, पाठीशी उभा राहणारा असेल तर सपोर्टिव्ह, म्हणून 'माय बॉस इज व्हेरी सपोर्टिव्ह'. सिनेमात नायकाच्या जोडीला असतो तो सपोर्टिंग ॲक्टर, मग स्वभावाने तो कितीही खडूस असो. आणि फॉर्मवर सपोर्टिंग डॉक्युमेंट्स लिहिलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की वर जे भरलंय त्याचा पुरावा म्हणून कागद जोडा.