लिनक्स सर्व्हरवर स्टॅटिक राऊट कसा टाकावा, आणि रीबूटनंतर तो कसा टिकवावा

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असली की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एक कार्ड इंटरनेटकडे, दुसरं ऑफिसच्या आतल्या नेटवर्ककडे. इंटरनेट चालतं, शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही सापडतो, पण दुसऱ्या शहरातल्या शाखेचं मशीन काही केल्या पिंग होत नाही, म्हणजे हाकेला उत्तर देत नाही. अशा वेळी त्या शाखेची वाट सर्व्हरला हाताने सांगावी लागते, तोच स्टॅटिक राऊट.

उदाहरण धरू. सर्व्हर पुण्यात आहे. बाहेरच्या कार्डाचा पत्ता २०३.०.११३.१० आणि डीफॉल्ट गेटवे (वेगळी वाट सांगितली नसेल तेव्हा पॅकेटं ज्याच्याकडे जातात तो राऊटर) २०३.०.११३.१. आतल्या कार्डाचं नाव ईएनपी२एस० आणि पत्ता १९२.१६८.१०.५. याच आतल्या नेटवर्कवर १९२.१६८.१०.१ हा ऑफिसचा राऊटर आहे आणि त्याच्यामागे नाशिक शाखेचं नेटवर्क आहे, १०.२०.०.०/१६, म्हणजे १०.२० ने सुरू होणारे सगळे पत्ते (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले १६ बिट ठरलेले; हा आकडा मोठा तितका टप्पा छोटा). खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

आधी आहे ते बघा

कुठलाही बदल करण्याआधी सध्याच्या राऊटचं टेबल बघायचं:

आयपी राऊट शो

पण त्याहून कामाची कमांड ही, आणि ती फारच कमी लोक वापरतात:

आयपी राऊट गेट १०.२०.५.७

या पत्त्याला पॅकेट पाठवायचं झालं तर ते कुठल्या गेटवेकडून, कुठल्या कार्डातून आणि कुठला पत्ता लावून निघेल, हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः सांगतो. टेबल वाचून अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यालाच विचारलेलं बरं. आपल्या उदाहरणात उत्तर येईल २०३.०.११३.१, म्हणजे नाशिकचं पॅकेट इंटरनेट कंपनीकडे चाललंय. १० ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना कोणी विचारत नाही, त्यामुळे ते पॅकेट तिकडेच मरतं.

कर्नल निवड करतो ती सर्वांत नेमक्या नोंदीची. नाशिकची पाटी लावलेली एसटी समोर उभी असताना नुसतं ‘उत्तरेकडे’ लिहिलेल्या गाडीत कोणी बसत नाही, तसंच. /१६ ची नोंद डीफॉल्टला हरवते आणि /२४ ची नोंद /१६ ला. म्हणून दुसऱ्या कार्डालाही एक डीफॉल्ट गेटवे देऊन टाकणं हा उपाय नव्हे. दोन डीफॉल्ट झाले की कमी मेट्रिकवालाच (मेट्रिक म्हणजे राऊटच्या पसंतीचा आकडा) जिंकतो आणि कधी इंटरनेट जातं, कधी शाखा. डीफॉल्ट एकच ठेवा, बाकी सगळं स्टॅटिक राऊटने सांगा.

राऊट टाका

सुडो आयपी राऊट ॲड १०.२०.०.०/१६ व्हाया १९२.१६८.१०.१ डेव्ह ईएनपी२एस०

मग पुन्हा ‘आयपी राऊट गेट’ चालवा. आता उत्तरात १९२.१६८.१०.१ आणि ईएनपी२एस० दिसलं पाहिजे.

एरर आलीच तर ती बहुधा तीनपैकी एक असते. ‘नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे’ म्हणजे दिलेला गेटवे तुमच्या कुठल्याच कार्डाच्या सबनेटमध्ये, म्हणजे थेट जोडलेल्या नेटवर्कमध्ये, नाही. गेटवे थेट पोहोचता येईल असाच लागतो, दोन टप्पे पलीकडचा राऊटर चालत नाही. ‘इनव्हॅलिड प्रीफिक्स’ आलं तर तुम्ही नेटवर्कऐवजी मशीनचा पत्ता लिहिलाय, उदाहरणार्थ १०.२०.५.७/१६. आणि ‘फाइल एक्झिस्ट्स’ म्हणजे तसा राऊट आधीच आहे. तो बदलायचा असेल तर ‘ॲड’च्या जागी ‘रीप्लेस’ लिहा, काढायचा असेल तर ‘डेल’.

सर्व्हर दूर असेल आणि तुम्ही एसएसएचवरून (दुरून लॉगइन करून) बसला असाल तर एंटर दाबण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमच्या लॅपटॉपचा पत्ता, म्हणजे सर्व्हरला दिसतो तो, या नव्या राऊटच्या टप्प्यात येतो का? येत असेल तर एंटर दाबताच सर्व्हरची उत्तरं दुसऱ्या वाटेने जाऊ लागतील आणि स्क्रीन गोठेल. अशा वेळी टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) आधी ‘दोन मिनिटं थांब आणि राऊट काढून टाक’ अशी स्लीपची कमांड लावून ठेवावी. सगळं ठीक झालं तर ती रद्द करायची. या पद्धतीने टाकलेला राऊट फक्त मेमरीत असतो, त्यामुळे अगदीच अडकलात तर रीबूटने तो जातो.

तरीही पिंग येत नाही?

बहुतेकांचा वेळ इथेच जातो. तुमच्या सर्व्हरला नाशिकची वाट कळली, पण नाशिकच्या राऊटरला १९२.१६८.१०.० कडे परतायची वाट माहीत आहे का? नसेल तर प्रश्न पोहोचतो आणि उत्तर हरवतं. खात्री करायला सर्व्हरवर टीसीपीडंप (कार्डावरून जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा. आयसीएमपी म्हणजे पिंगची पॅकेटं:

सुडो टीसीपीडंप -एनआय ईएनपी२एस० आयसीएमपी

नुसत्या ‘रिक्वेस्ट’ जाताना दिसल्या आणि एकही ‘रिप्लाय’ नाही, तर तुमच्या बाजूचा राऊट बरोबर असण्याची शक्यता जास्त. फोन पलीकडच्या नेटवर्कवाल्याला लावा. तिकडे परतीचा राऊट नसेल, नाहीतर फायरवॉल आडवी येत असेल.

उलटा प्रकार जास्त छळतो. नाशिकहून येणारी पॅकेटं आतल्या कार्डावर टीसीपीडंपमध्ये स्पष्ट दिसतात, पण सर्व्हर हूं की चूं करत नाही. फायरवॉल बंद करूनही तेच. इथे ‘आरपी_फिल्टर’ नावाची कर्नलची सेटिंग तपासा. तिची किंमत १ असेल तर कर्नल बघतो की या पाठवणाऱ्याला उत्तर द्यायचं झालं तर ते याच कार्डातून जाईल का. जाणार नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून देतो. स्टॅटिक राऊट बरोबर टाकला की ही तक्रार आपोआप मिटते. म्हणून लगेच फिल्टर बंद करायला धावू नका. जाण्यायेण्याचे मार्ग मुद्दामच वेगळे ठेवले असतील तेवढ्यापुरती किंमत २ करा.

कायमचा करा

पद्धत लिनक्सच्या वितरणाप्रमाणे (डिस्ट्रिब्युशन) बदलते. उबुंटूच्या सर्व्हरवर नेटप्लॅन हे नेटवर्कच्या सेटिंगचं साधन असतं. ईटीसी फोल्डरमधल्या नेटप्लॅन फोल्डरात वायएएमएल फाइल असते. तिच्यात ईएनपी२एस० च्या खाली ‘राऊट्स’ लिहून, त्याखाली ‘टू’ समोर १०.२०.०.०/१६ आणि ‘व्हाया’ समोर १९२.१६८.१०.१ द्यायचं. समास स्पेसनेच सोडा. टॅब चुकून पडला तर फाइल वाचलीच जात नाही. मग ‘अप्लाय’ न करता हे चालवा:

सुडो नेटप्लॅन ट्राय

१२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत येते. दूरच्या सर्व्हरवर याला पर्याय नाही.

रेड हॅट, रॉकी, अल्मा यांच्यावर नेटवर्कमॅनेजर असतो:

सुडो एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय ईएनपी२एस० +आयपीव्ही४.राऊट्स "१०.२०.०.०/१६ १९२.१६८.१०.१"

इथे कनेक्शनचं नाव द्यायचं असतं, कार्डाचं नव्हे. दोन्ही बऱ्याचदा सारखी असतात, पण ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ करून बघा. पुढचं अधिकचं चिन्ह विसरलात तर आधीचे सगळे राऊट पुसून हा एकटाच उरतो. शेवटी ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ आणि कनेक्शनचं नाव.

जुन्या धाटणीच्या डेबियनवर इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाखाली ‘अप’ लिहून पुढे वरचीच ‘आयपी राऊट ॲड’ कमांड जोडली की झालं. फ्रीबीएसडी ही लिनक्स नव्हे, वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम; तिच्यावर ‘आयपी’ कमांड नाही. तिथे टेबल बघायला ‘नेटस्टॅट -आरएन’, आणि कायमसाठी आरसी.कॉन्फ फाइलमध्ये दोन ओळी:

स्टॅटिक_राऊट्स="नाशिक"
राऊट_नाशिक="-नेट १०.२०.०.०/१६ १९२.१६८.१०.१"

‘नाशिक’ हे नुसतं लेबल, काहीही ठेवा. फक्त दोन्हीकडे सारखं हवं.

काही जण या सगळ्याऐवजी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं साधन) नाहीतर मशीन सुरू होताना चालणाऱ्या आरसी.लोकल फाइलमध्ये कमांड कोंबतात. चालतं, पण केबल निघून पुन्हा लागली किंवा कार्ड खाली-वर झालं की राऊट उडतो आणि परत येत नाही.

त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर अजून एक. डॉकर स्वतःसाठी सहसा १७२.१७.०.०/१६ घेतो. तुमच्या शाखेचं नेटवर्कही नेमकं तेच असेल, तर डॉकरचा राऊट थेट जोडलेला असल्यामुळे तोच पुढे येतो आणि शाखेकडची पॅकेटं कंटेनरांच्या पुलावर (डॉकर० नावाचा ब्रिज) जाऊन पडतात. ‘आयपी राऊट गेट’च्या उत्तरात डॉकर० दिसलं की ओळखा. डॉकरच्या डीमन.जेसन फाइलमध्ये ‘बीआयपी’ला दुसरा मोकळा टप्पा द्या आणि डॉकर रीस्टार्ट करा.