गळका कार्बोरेटर: खोलण्याआधी टाकी

दुचाकीचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, गळत असेल तर त्याला हात लावण्याआधी पेट्रोलची टाकी रिकामी करा आणि तिच्या तोंडातून टॉर्च मारून तळ बघा. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण गेल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. किट (नीडल, गॅसकेट असे बदलायचे सुटे भाग) नवं बसवलं, पण टाकीतला गंज थोड्याच दिवसांत नीडलखाली, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या टोकदार काडीखाली, येऊन बसला आणि गाडी परत गळायला लागली.

आपल्याकडच्या पावसात झाकणाचं रबर जुनं असलेल्या टाकीत पाणी जातंच. त्यात पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं, गंज तिथूनच सुरू होतो, आणि पेट्रोल चालू-बंद करायचा कॉकही तिथेच असतो. म्हणून कॉक काढा, त्याची जाळी बघा, फाटकी असेल तर कॉकच बदला. टाकीत मोजून नट टाका, थोडं पेट्रोल घालून खळखळवा, तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत. नट मोजूनच बाहेर काढा. पेट्रोलची नळी कडक झाली असेल तर नवी घ्या. जुन्या नळीच्या आतलं रबरही चुरा होऊन खाली उतरतं.

काम उघड्यावर करा. अंगणात बंब पेटलेला असेल तर विझून पूर्ण गार होईपर्यंत थांबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत लांबच्या विस्तवापर्यंत पोचते. वाळूची बादली जवळ ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काढलेलं पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका, घरात पोरं असतात.

आता गळती कुठली ते ठरवा. गाडी सपाट जागेवर, मेन स्टँडवर उभी करा. साइड स्टँडवर कलली की चांगला फ्लोटसुद्धा (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगून नीडल वर दाबणारा पोकळ तुकडा) कधी कधी थेंब सोडतो. कार्बोरेटर फडक्याने कोरडा पुसा, इंजिन बंद ठेवून कॉक उघडा आणि बघत थांबा. पेट्रोल खाली ओघळतं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा शोधा. वाटीच्या सांध्यावर ओल दिसली तर गॅसकेट किंवा ओ-रिंग. वाटी रिकामी करायच्या ड्रेन स्क्रूपाशी दिसली तर तो स्क्रू नाहीतर त्याचा वॉशर. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून थेंब येत असतील तर फ्लोट किंवा नीडल. अशा वेळी वाटीवर पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक करा. गळती थांबली तर नीडलखाली कचरा अडकला होता असं समजा, आणि तो कचरा टाकीतूनच आला. परत सांगतो, टाकी.

फोर-स्ट्रोक गाडी असेल तर इंजिन ऑइलचा वास घ्या, पातळी बघा. पातळी वाढली असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर किक मारू नका. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन फिरवलं तर बेअरिंग जातं, आणि तो खर्च कार्बोरेटरच्या कितीतरी पट. ऑइल बदला, मगच पुढे.

खोलताना स्क्रूच्या मापाचाच पेचकस लावा. जपानी घडणीच्या कार्बोरेटरवर जेआयएस (जपानी मानक) मापाचे स्क्रू असतात, साधा स्टार पेचकस त्यांची डोकी खातो. एअर स्क्रू, म्हणजे हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, काढण्याआधी तो पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते लिहून ठेवा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेला. क्लीनर मारण्याआधी सगळं रबर काढा.

किट की नवा कार्बोरेटर, हे बॉडी, म्हणजे कार्बोरेटरचा मूळ सांगाडा, ठरवते. फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल वाजलं तर तो गेला. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोकातून बुडबुडे येतील. नीडलच्या टोकाला गोल चर पडलेला असेल तर किट पुरेल. पण नीडल ज्या पितळी सीटवर बसते तिथेच चर असेल तर नवी नीडलही गळणार. बऱ्याच लहान गाड्यांत ही सीट बॉडीत दाबून बसवलेली असते, बदलता येत नाही. बॉडीला तडा असेल किंवा स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारा तुकडा) आडवी हलत असेल तर किटवर पैसे घालू नका. नुसते स्क्रूचे आटे गेले असतील तर उद्यमनगरात (कारखान्यांच्या भागात) लेथवाल्याला दाखवा, तेवढ्यासाठी बॉडी टाकू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) आल्यावर नव्या गाड्यांत जवळपास सगळीकडे इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी यंत्रणा) आलं, कार्बोरेटर मुख्यतः स्पेअर म्हणून उरला. नकली मालात जेटचा नंबर आणि भोक जुळेलच असं नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मूळ बॉडी धड असेल तर किट. नवा घेतलाच तर जेटचे नंबर जुळवा आणि नवा नीट चालेपर्यंत जुना जपून ठेवा.

किट बसवून झालं की कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने फुंका. हवा जायला नको. सरळ केला की जायला हवी. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे. टाकी धुतली असेल तरच गाडीवर चढवा. नळीत फिल्टर घाला. ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वाटीच्या बाजूने उभी धरा, ड्रेन स्क्रू सैल करा, पातळी वाटीच्या सांध्याच्या खाली थांबली पाहिजे. एअर स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर. गाडी गरम झाल्यावर आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनचा वेग, लावा. रात्री कॉक बंद, खाली पुठ्ठा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग असेल तर पुन्हा टाकीपासून सुरुवात करा.