गिअरची तक्रार असलेली जुनी मोटारहोम घेण्यापूर्वी

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरवर घर उभारलेली गाडी विकाऊ आहे, किंमत आवाक्यातली आहे आणि मालक स्वतःच ‘गिअर जरा हार्ड आहे, बाकी काही नाही’ असे सांगतो आहे, अशा वेळी आतली बिछायत आणि ओटा पाहण्याआधी एक दिवस मोकळा ठेवावा आणि आपला मेस्त्री ठरवावा. मेस्त्री आपला असावा. मालकाने सुचवलेला नको. दिवस कोरडा असावा आणि मालकाला आधीच कळवावे की गाडी घाट चढवून पुन्हा त्याच घाटाने उतरवायची आहे. चढवणे सगळेच करतात. उतरवणे राहून जाते, आणि मागच्या खेपेस माझ्याकडून तेच राहिले होते, म्हणून ते या यादीत वारंवार येईल.

दारी पोहोचताच बॉनेटवर हात ठेवावा. इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर थंड गाडी कशी सुरू होते हे कळणार नाही. थांबावे, चहा घ्यावा, गाडी निवू द्यावी. त्यानंतर इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहावेत, मग इंजिन सुरू करून तेच करावे. बंद गाडीत गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात किंवा रिव्हर्स टाकताना खरखर होते, असे दिसले तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो, आणि ते काम गिअरबॉक्स उघडण्याच्या मानाने स्वस्त आहे. बंद गाडीतही गिअरचा दांडा अडत असेल, तर आधी दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल आणि तिच्या जोडांतले बुश पाहावेत. मालक ‘केबल अॅडजस्ट केली की झाले’ म्हणत असेल, तर ती त्याने सौद्याआधी करून दाखवावी, आपण केल्यावर नव्हे.

आता न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत कान द्यावा. क्लचवर पाय नसताना घरघर आहे आणि क्लच दाबताच ती थांबते, तर गिअरबॉक्समधले बेअरिंग गेले आहे असे धरावे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग गेले आहे. चालताना एकाच गिअरला आवाज असेल तर तो त्या गिअरच्या दात्यांचा. चौथा, म्हणजे बहुधा थेट ड्राइव्हचा (इंजिनचा जोर सरळ पुढे देणारा) गिअर, शांत आणि खालचे तिन्ही वाजत असतील, तर संशय काउंटर शाफ्टच्या, म्हणजे खालच्या गिअरांचा जोर वाहणाऱ्या आतल्या दुसऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर. गाडी उचलताना धक्का किंवा ठराविक वेगाला थरथर असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस आणि मधले बेअरिंग पाहावे. त्यासाठी गिअरबॉक्सच्या नावाने बोटे मोडण्याचे कारण नाही.

गाडी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन गिअर ऑइल काढायला लावावे. मालकाने नको म्हटले तर विषय तिथेच संपवावा. ड्रेन प्लगच्या (ऑइल सोडायच्या बुचाच्या) चुंबकावर काळसर मऊ लेप असणे हे वयाचे लक्षण आहे, पण बोटाला टोचणारे तुकडे हे मोडतोडीचे. ऑइलमध्ये पितळी चकाकी दिसली, तर सिंक्रोनायझरच्या (गिअर बिनआवाज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) रिंगा झिजत आहेत. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि कोकणात हा प्रश्न सरळ विचारावा की ही गाडी जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला किंवा महाडला उभी होती का. पुराचे पाणी ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून, आत जाते, ऑइल बदलले तरी बेअरिंगला गंज धरलेला राहतो. ऑइल अगदी नवे आणि नेहमीपेक्षा दाट दिसत असेल तरी सावध व्हावे, कारण दाट ऑइलने आवाज दबतो. दबतो तो थंड असेपर्यंतच. म्हणूनच घाट.

घाटाचे नाव मालकाला निवडू देऊ नये. परशुराम घाट ऑइल पुरते तापण्याच्या आत संपतो, आणि कशेडीला आता बोगदा झाल्यामुळे तिकडून नेऊन आणणे म्हणजे घाट चढणे-उतरणे होत नाही. रत्नागिरीच्या बाजूने साखरप्याहून आंबा घाट, चिपळूणहून पोफळीच्या पुढे कुंभार्ली, सावंतवाडीकडून आंबोली, यांपैकी जवळचा घ्यावा. निघण्यापूर्वी ब्रेक मेस्त्रीकडून तपासून घ्यावेत, ही पायरी गाळली तर पुढची पायरी करू नये. पाण्याची टाकी भरून घ्यावी. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि रिकामी मोटारहोम चालवून पाहणे म्हणजे वेगळीच गाडी चालवून पाहणे होय. चढताना क्लच घसरतो का, म्हणजे इंजिनचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही का, एवढे पाहिले की पुरे.

मग उतरावे. मेस्त्री शेजारी, मागे-पुढे वाहन नाही असा मोकळा टप्पा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, वेग साधारण चाळीस, पाय ब्रेकजवळ, आणि अॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला. दांड्याला हात लावायचा नाही. पुन्हा लिहितो, दांड्याला हात लावायचा नाही. इंजिन गाडीला मागे ओढू लागले की झिजलेला गिअर दांड्यासकट न्यूट्रलमध्ये निसटतो. चढताना तोच गिअर जोराखाली घट्ट धरून राहतो, त्यामुळे चढावर दोष दिसत नाही. अॅक्सिलरेटर थोडा दाबून पुन्हा सोडावा, असे काही वेळा करावे, नंतर दुसऱ्यात आणि चौथ्यातही. सपाटीवरच्या महामार्गावर, थंड गाडीत, रिकाम्या टाकीने यातले काहीही दिसत नाही. तीन-साडेतीन टनांची गाडी उतारावर अचानक न्यूट्रलमध्ये गेली, तर सारा भार ब्रेकवर येतो आणि पुढच्या वळणापर्यंत ते तापलेले असतात. मालक चालवत असेल तर रस्त्याकडे नव्हे, त्याच्या डाव्या हाताकडे पाहावे: गप्पा मारता मारता तो तळहात गिअरच्या मुठीवर टेकवूनच ठेवत असेल, उतार सुरू झाला की बोटे आवळत असेल, तर त्याला दोष ठाऊक आहे आणि हाताला त्याची सवय झाली आहे. हात काढायला सांगावे. उतारावर.

घाट उतरून आल्यावर, सगळे तापलेले असतानाच, रिव्हर्स पुन्हा पाहावा, तोही चढावर मागे जाऊन. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या उतरणीवर गाडी उलटी घ्यायला सांगितले आणि रिव्हर्स पडला नाही, तर मागच्या रांगेतले लोक काय म्हणतात ते ऐकण्यासारखे नसते.

निर्णयाचा हिशेब असा करावा. दोष क्लचचा असेल तर भाव पाडून घ्यावी. बेअरिंग किंवा सिंक्रो गेले असतील, तर गिअरबॉक्स पूर्ण उघडण्याचा खर्च मेस्त्रीकडून लेखी घेऊन तो किमतीतून वजा करावा, आणि त्यात मजुरी वाढवूनच धरावी, कारण अशा गाड्यांत वापरलेल्या पाण्याची टाकी आणि नळ नेमके गिअरबॉक्सच्या वाटेत बांधलेले असतात व आधी ते उतरवावे लागतात. त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का, की कुर्ल्याच्या जुन्या बाजारात फिरावे लागेल, हे चौकशी करूनच ठरवावे. चुंबकावर तुकडे आहेत आणि उतारावर गिअरही निसटतो, अशा गाडीला नमस्कार करावा. उतारावर तपासलीच नसेल तर हा हिशेब मांडूच नये.

गिअरबॉक्स बदलता येतो, चासी बदलता येत नाही. खाऱ्या हवेत, त्यातही पुळणीवर (समुद्रकाठच्या वाळूवर) नेलेल्या गाडीत, स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांवरचा पत्रा आणि चासीचे आडवे पट्टे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावेत. नवा काळा रंग दिसला तर जरा जोरात टोचावे. टोक आत गेले तर गिअर कितीही उत्तम असो, परत फिरावे.

कागदपत्रांत आरसी (नोंदणीपत्र) आणि प्रत्यक्ष गाडी जुळते का ते पाहावे. बसायच्या जागा काढून घर केले असेल आणि तो बदल नोंदवलेला नसेल, तर मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते, आणि ती डोकेदुखी विकत घेऊ नये. खासगी नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर. ती तारीख आधी वाचावी. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म 35, थकलेली ई-चलने, विमा, हेही पाहावे.

आतल्या घराचे थोडक्यात: छताच्या झडपेखाली आणि खिडक्यांच्या कडांना फुगलेले प्लायवूड, कोपऱ्यात वाळवी, गळती पाहायला गॅसच्या जोडांना साबणाचे पाणी, बॅटरीचे वय. टायरच्या बाजूचा चार आकडी उत्पादन आठवडा आणि वर्ष. गावातल्या पाखाडीत (अरुंद वाटेत) आणि खाली लोंबणाऱ्या तारांखाली गाडीची उंची बसते का. टोकन दिले तर पावतीवर ‘उतारावरील चाचणी समाधानकारक झाल्यास’ असे लिहून घ्यावे. मालक एवढ्याला अडला, तर टोकन देऊ नये.