फोर्कलिफ्टची प्रोपेन टाकी बदलायची कशी

कॅनडात वेअरहाऊसला लागलेली आपली बरीच पोरं फोर्कलिफ्ट झकास चालवतात, पण टाकी संपली की इकडेतिकडे बघत बसतात, म्हणून हे लिहितोय. आधीच सांगतो, ट्रेनिंग नसेल तर हात लावायचा नाही. ऑन्टॅरियोत प्रोपेन हाताळायला त्याच्या ट्रेनिंगचं रेकॉर्ड लागतं.

आपल्या घरचा सिलिंडर उभा असतो आणि वरून नुसता वायू येतो, इथली टाकी आडवी असते आणि नळीत चक्क लिक्विड येतं. ते उणे 42 डिग्रीला उकळतं, म्हणजे हातावर उडालं की कातडी जागच्या जागी गोठते. गार लिक्विडपासून वाचवणारे जाड ग्लोव्हज आणि चष्मा घालाच, कापडी ग्लोव्हज भिजतात, ते नकोत.

गाडी मोकळ्या हवेत लावा, ड्रेन, खड्डा आणि बॅटरी चार्जिंगपासून लांब, कारण प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो वर न जाता खाली साचतो आणि हवेत साधारण 2 टक्के झाला तरी पेट घेतो. सिगारेटचं तर बोलायलाच नको. फोर्क खाली टेकवा, न्यूट्रल, हँडब्रेक.

आता मेन गोष्ट. इंजिन चालू ठेवूनच टाकीचा वॉल्व्ह बंद करा. नळीतला गॅस संपला की गाडी आचके देत आपोआप बंद पडते, मगच चावी बंद करायची. घाईत लोक आधी चावी फिरवतात, मग नळी भरलेलीच राहते आणि कपलिंग (नळी टाकीला जोडणारा जोड) सोडलं की सगळं अंगावर. बरोबर केलं तरी किंचित फुस्स होतं, त्याला घाबरू नका.

कपलिंग सोडा, मग पट्टा सोडून टाकी उतरवा. भरलेली पोलादी टाकी 30 किलोच्या आसपास जाते, कंबर सांभाळा, दोघं मिळून उचला. नवीन टाकीला पोचे, गंज बघा, कपलिंगमधली रबरी रिंग चिरलेली नाही ना तेही बघा, गळती बहुतेक तिथूनच होते. टाकीच्या कॉलरमधलं (वॉल्व्हभोवतीच्या पोलादी कड्यातलं) भोक गाडीवरच्या पिनमध्ये बसलंच पाहिजे, ते बसलं की सेफ्टी वॉल्व्ह (दाब फार वाढला की गॅस बाहेर सोडणारा) वरच्या बाजूला येतो. उलटी बसली तर त्यातून वायूऐवजी लिक्विड बाहेर येईल!

कपलिंग हातानेच घट्ट करा, पक्कड नको. वॉल्व्ह हळूहळू उघडा, झटक्यात उघडला तर आतला सेफ्टी चेक, म्हणजे गॅस एकदम जोरात सुटला की वाट अडवणारी झडप, अडकतो आणि गाडी स्टार्टच होत नाही, मग लोक गाडीला शिव्या घालतात. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले किंवा कुजका वास आला की वॉल्व्ह बंद, गाडी स्टार्ट करायची नाही, सुपरवायझरला हाक मारा.

काढलेली टाकी वॉल्व्ह बंद करून बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, रिकामी म्हणतात तिच्यातही गॅस उरलेला असतोच.