बुद्रुक, खुर्द आणि ६.२ इंच

पुण्यात संख्याशास्त्रात एमएस्सी करून पहिल्या नोकरीला लागले तेव्हा रिग्रेशन, हायपोथेसिस टेस्टिंग वगैरे सगळं येत होतं. इंटरव्ह्यूलाही तेच विचारलं. नडलं ते भलतंच : आलेखाची रुंदी.

काम असं होतं. पुणे जिल्ह्याचे १४ तालुके, आणि प्रत्येक तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांचा फॅट-एसएनएफचा (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) मासिक अहवाल. आर मार्कडाउनची (आर या संगणकभाषेतला कोड आणि मजकूर एकत्र ठेवून त्यातून अहवाल बनवण्याची सोय) एकच फाइल, तालुक्याचं नाव पॅरामीटर म्हणून, म्हणजे दर वेळी बदलता येणारी किंमत म्हणून द्यायचं, लूप लावून तेच काम प्रत्येक तालुक्यासाठी आपोआप चालवायचं, चहा पिऊन येईपर्यंत १४ पीडीएफ तयार. स्क्रीनवर झकास दिसत होतं. मॅडमनी प्रिंट मागवली, ड्रॉवरमधून फूटपट्टी काढून आलेखावर ठेवली आणि म्हणाल्या, "अगं, या केंद्रांची नावं वाचून दाखव बघू." कागद नाकाजवळ नेऊनही जमेना.

गडबड अशी होती की नावं दाटीत बसेनात म्हणून मी फिग.विड्थ १२ केली होती. नव्यांचा हमखास गोंधळ होतो तो इथेच. फिग.विड्थ म्हणजे आलेख किती इंचांच्या कागदावर *काढला* जातो ते, आणि आउट.विड्थ म्हणजे तो अहवालात किती रुंद *चिकटवला* जातो ते. अक्षरं पॉइंटमध्ये मोजतात, ७२ पॉइंटचा एक इंच. जीजीप्लॉटची (आरमधलं आलेख काढायचं पॅकेज) मूळ अक्षरं ११ पॉइंटची, अक्षावरची त्याच्या ०.८ पट, म्हणजे ८.८. आता १२ इंचांवर काढलेलं चित्र पानावरच्या ६.२ इंचांत कोंबलं की ८.८ चे साडेचार उरतात. गोळ्यांच्या पाकिटातल्या चिटोऱ्यावर असतात, तेवढे. मी मोठा कागद घेऊन अक्षरं बारीक केली होती आणि वर मलाच वाटत होतं की जागा वाढवली.

म्हणून आधी कागद. ए-४ ची रुंदी २१० मिलिमीटर, म्हणजे ८.२७ इंच. दोन्हीकडे एकेक इंच समास सोडला की ६.२७ उरतात. मी ६.२ धरते आणि फिग.विड्थही तेवढीच ठेवते. काढलेलं माप तेच छापलेलं माप, मग अक्षरं जशी सांगाल तशी येतात. कागदाचं नावही फाइलीत स्पष्ट लिहा. पीडीएफसाठी आर मार्कडाउन न सांगता ६.५ बाय ४.५ इंच घेतं, आणि हे ६.५ अमेरिकन लेटर कागदाला चपखल बसतं (८.५ वजा २), आपल्याला नाही. वर्डसाठी तेच ५ बाय ४, एचटीएमएलसाठी ७ बाय ५. एकाच फाइलीतून तीन प्रकार काढलेत तर तीन वेगळे आलेख मिळतील. मग क्लायंट विचारतो की आकडे बदललेत का.

उंचीचं गणित वेगळं. एका तालुक्यात ५ केंद्रं, दुसऱ्यात ३८. ठरावीक उंची ठेवली तर पाच पट्ट्या दरवाजाच्या फळ्यांसारख्या दिसतात आणि अडतीस पट्ट्या कंगव्यासारख्या. मी आडव्या पट्ट्या घेते आणि उंचीला सूत्र देते : १.२ अधिक ०.२२ गुणिले केंद्रांची संख्या. पाचला २.३ इंच. अडतीसला ९.५६, आणि ए-४ वर समास सोडून उंची मिळते ९.६९; मग आलेखाखालची ओळ जाणार कुठे? तीसच्या वर केंद्रं असली की दोन आलेख करते; अडतीसचे १९-१९ चे, ५.३८ इंचांचे. एक खाचखळगा लक्षात ठेवा : चंकचे (फाइलीतला कोडचा एकेक तुकडा) फिग.विड्थसारखे पर्याय त्या चंकमधला कोड चालण्याआधी वाचले जातात. केंद्रांची संख्या आधीच्या चंकमध्ये मोजून ठेवायची, त्याच चंकमध्ये मोजलीत तर निटरला (हे चंक चालवणारं पॅकेज) ती सापडणार नाही. आणि एका चंकमध्ये लूप लावून दहा आलेख काढलेत तर दहाही एकाच मापाचे येतात.

आता माझी खरी फजिती. रुंदी कमी केल्यावर लांब नावं आलेखाची निम्मी जागा खायला लागली, म्हणून मी नावं सरळ सुरुवातीच्या काही अक्षरांवर कापली. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द, दोन्ही 'वडगाव' झाली. एकाच नावाच्या दोन नोंदी आल्या की जीजीप्लॉट पट्ट्या एकमेकींवर रचतं. ३.८ आणि ४.१ मिळून वडगावच्या गाईचं दूध ७.९ फॅटचं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हैस आहे ती." तेव्हापासून नावं कापत नाही, दोन ओळींत मोडते. शिवाय देवनागरी अक्षरं संगणकाच्या मोजणीने कापली की मात्रा एकीकडे, व्यंजन दुसरीकडे राहतं, ते वेगळंच. (मराठी नावांऐवजी नुसते चौकोन आले तर डिव्हाइस, म्हणजे आलेख फाइलीत उतरवणारा आरचा भाग, बदलून कैरो पीडीएफ घ्या; नेहमीच्या पीडीएफ डिव्हाइसला देवनागरी पेलत नाही.)

सूची (कोणता रंग कशाचा ते सांगणारी) मी नेहमी खाली ठेवते. उजवीकडे ठेवली की तिच्यातल्या सर्वांत लांब शब्दावर आलेखाची रुंदी ठरते आणि १४ तालुक्यांच्या १४ रुंद्या होतात. दोन आलेख शेजारी हवे असतील तर प्रत्येकाची फिग.विड्थ ३ आणि आउट.विड्थ ४९ टक्के. पन्नास लिहिलं आणि मधे जरा जागा शिरली की दुसरा खाली घसरतो.

मथळा दिलेले आलेख लाटेक (पीडीएफची पानं जुळवणारी प्रणाली) स्वतःच्या सोयीने पुढच्या पानावर ढकलतं. फिग.पॉस (आलेखाची जागा ठरवणारा पर्याय) ला मोठा एच आणि सोबत लाटेकचं फ्लोट पॅकेज दिलं की आलेख जागचा हलत नाही, पण कधीकधी वर अर्धं पान मोकळं राहतं. मला ते चालतं. 'खालील आलेखात' असं वाक्य आणि खाली दुसऱ्याच गोष्टीचं कोष्टक, हे मात्र चालत नाही.

प्रिंट काढताना झेरॉक्सवाल्या दादांना 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साइझ' सांगा. फिटमध्ये पान गुपचूप आक्रसतं. मग फूटपट्टी लावा. ६.२ इंच म्हणजे १५.७ सेंटिमीटर. मी अजूनही पहिल्या तालुक्याचं पान तसं मोजते आणि मगच बाकीचे तेरा काढायला सांगते.